बेटावरची शांतता आणि कोयनेचे पाणी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की पुण्या-मुंबईहून निघालेल्या मोटारींची रांग पसरणीच्या घाटात लागते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस सरतो आणि थंड हवेच्या ठिकाणी येऊनही आधी धूरच नाकात जातो. या गर्दीला विटलेला एक वर्ग गेल्या काही वर्षांत निराळी चौकशी करू लागला आहे. दोन दिवसांत जाऊन येता येईल, भोवती पाणी असेल आणि मोटारींचे भोंगे कानी पडणार नाहीत, असे ठिकाण त्याला हवे असते. युरोपात राहणारा माणूस अशा वेळी ग्रीसच्या नकाशावर एखादे लहानसे बेट शोधतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही, पण अशी ठिकाणे मात्र आहेत. एक साताऱ्याच्या पश्चिमेस, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीच्या परिसरात. दुसरे सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या पात्रातील बहे येथील रामलिंग बेट.

या दोन्ही ठिकाणांची वर्णने विपुल उपलब्ध आहेत. त्यांत सहसा एक गोष्ट सांगितलेली नसते. कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे बहेच्या बेटाला वळसा घालून सांगलीकडे जाते. म्हणजे ही दोन्ही शांत ठिकाणे एकाच पाण्यावर अवलंबून आहेत आणि ते पाणी पर्यटकांसाठी अडवलेले नाही. त्यावर वीज होते, ऊस पिकतो, शहरांची तहान भागते. सहलीचा बेत आखणाऱ्याने हॉटेलच्या आधी धरणाचा पाणीसाठा पाहावा, हे त्यामुळेच.

शिवसागरची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट. धरणाचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते. पावसाळा संपताना जलाशय तुडुंब असतो आणि त्यानंतर पाणी दोन दिशांना जाऊ लागते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. हे पाणी वीज देऊन कोकणात उतरते. उरलेल्यातून पूर्वेकडे सिंचनाची मागणी भागवायची असते. एप्रिल-मे उजाडेपर्यंत तापोळ्याला पाणी इतके मागे हटलेले असते की बोटीपर्यंत जायला चिखल तुडवावा लागतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की निघायचे, हा शहरी कुटुंबांचा शिरस्ता येथे फसतो. ज्याला पाणी पाहायचे आहे त्याने ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा.

बहेचे पंचांग नेमके उलटे आहे. ईश्वरपूर, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरपासून जवळ असलेल्या या गावी कृष्णेचा प्रवाह दुभंगतो आणि मधल्या खडकाळ बेटावर रामलिंगाचे मंदिर उभे आहे. रावणवधानंतर परतताना राम येथे शिवपूजेस बसले असता नदीला पूर आला आणि मारुतीने बाहू पसरून तो दोन्ही अंगांना वळवला, अशी आख्यायिका आहे. बाहूंवरून बहे हे नाव पडले, असे सांगतात. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक या बेटावर आहे. अकरा मारुतींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या येथे घटकाभर थांबतात आणि पुढे निघून जातात. हनुमान जयंती आणि महाशिवरात्र वगळली तर एरवी बेटावर नदीचाच आवाज असतो. पावसाळ्यात मात्र येथे जाण्याचा विचारही करू नये. पुराच्या दिवसांत जी पाणीपातळी जिल्हाभर विचारली जाते, त्या यादीत सांगलीच्या आयर्विन पुलाबरोबर बहेचा पूलही असतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना या यादीचा अर्थ सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. मारुतीने पूर अडवल्याची कथा याच गावात का रुजली असावी, हे अशा वर्षी कळते.

शिवसागर भरलेला असावा, ही पर्यटकाची आणि बोटवाल्याची इच्छा. त्यातून पाणी सोडावे, ही सांगलीच्या शेतकऱ्याची गरज. एरवी हा विरोध जाणवत नाही. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, धरण काठोकाठ भरले नाही आणि पावसाळा संपल्यानंतर थोड्याच दिवसांत सांगलीजवळ कृष्णेचे पात्र कोरडे पडले. कोयनेतून पाणी सोडण्यावरून दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींत जाहीर खडाजंगी झाली. टेंभू आणि ताकारी योजनांचे पंप ज्या पाण्यावर चालतात ते पाणी आधी की धरणातील साठा आधी, असा तो वाद होता. त्यात पर्यटनाचा उल्लेख क्वचितच झाला आणि ते योग्यच होते. पण शिवसागरच्या काठी पर्यटनावर जो नवा व्यवसाय उभा राहतो आहे, त्याला या वाटपात कोणतीही हमी नाही, हे त्यात भांडवल गुंतवणाऱ्यांना कोणी सांगताना दिसत नाही.

या व्यवसायाची व्याप्ती वाढते आहे. मार्च २०२४ मध्ये जावळी तालुक्यातील मुनावळे येथे पर्यटन विकास महामंडळाच्या जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले. वेगवान यांत्रिक नौका हे तेथील आकर्षण. तापोळ्याच्या परिसरात जलाशयावर पुलांची कामे हाती घेण्यात आली. त्याही पुढची बाब म्हणजे ‘नवीन महाबळेश्वर’. या गिरिस्थान प्रकल्पासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. आरंभी २३५ गावे आणि सुमारे १,१५० चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यात धरण्यात आला आणि २०२४ मध्ये प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागविण्यात आल्या. रस्ते बांधणारी संस्था गिरिस्थानाचे नियोजन करणार, ही रचनाच पुरेशी बोलकी आहे. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. तेथे बांधकामाला मर्यादा आल्या म्हणून भार पश्चिमेकडे ढकलायचा, असा या योजनेचा अर्थ टीकाकार लावतात. तो सर्वस्वी खोडून काढणे कठीण आहे.

जमिनीचे व्यवहार तर आराखड्याच्याही पुढे धावले. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी या गावची शेकडो एकर जमीन एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने आणि त्याच्याशी संबंधित मंडळींनी खरेदी केल्याचा आरोप २०२४ मध्ये झाला आणि प्रकरण जिल्हा प्रशासनापुढे सुनावणीला आले. दोष कोणाचा, हे ठरवणे सक्षम यंत्रणांचे काम. पण ज्या खोऱ्यात रात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेणे हेच दिव्य, तेथे एवढी जमीन हात बदलते ती शेती करण्यासाठी नसावी, एवढा तर्क सामान्य माणूसही करतो.

या खोऱ्याचा पूर्वेतिहास शहरी पाहुण्याला सहसा ठाऊक नसतो. ‘मिनी काश्मीर’ असे ज्याला कौतुकाने म्हटले जाते तो जलाशय सुमारे शंभर गावांच्या जमिनीवर उभा आहे. साठच्या दशकात पाणी चढले तेव्हा काही गावे सातारा-सांगलीच्या बाहेर, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली. काही डोंगर चढून वर सरकली आणि खालची भातखाचरे पाण्यात गेली. पुढे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला. वरच्या वनांवर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आले आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. यातील प्रत्येक निर्णयाला सार्वजनिक हिताचे कारण होते आणि प्रत्येक वेळी काठावरच्या माणसाच्या वाट्याचे काहीतरी कमी झाले. धरणग्रस्तांची आंदोलने आणि अपुऱ्या पुनर्वसनाच्या तक्रारी पुढची अनेक दशके चालू राहिल्या. येथील शांतता निसर्गदत्त आहे असे मानणे म्हणूनच अर्धसत्य आहे. ती बऱ्याच अंशी उठून गेलेल्या वस्तीची शांतता आहे. माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे दरे हे गाव याच भागातले. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर सत्तेची बोलणी चालू असताना ते गावी जाऊन राहिले आणि दूरचित्रवाहिन्यांच्या गाड्यांनी एवढा दुर्गम रस्ताही गजबजून टाकला, हा त्यातला विनोद.

पुलांबद्दल शहरी निसर्गप्रेमी नाराजी व्यक्त करतात. पूल झाला की बोट जाईल आणि बोट गेली की मजा जाईल, असे त्यांचे म्हणणे. पैलतीरावरचा माणूस लाँचच्या वेळा सांभाळत दवाखाना, शाळा आणि बाजार गाठत आला आहे. त्याला पूल नको म्हणण्याचा अधिकार दोन दिवसांच्या पाहुण्याला नाही. प्रश्न आहे तो पुलावरून पुढे काय येणार याचा, आणि त्याचे उत्तर बांधकाम परवानग्यांच्या नियमांत दडलेले आहे.

ग्रीसचे उदाहरण येथे उपयोगी पडते. सँटोरिनी या बेटाची लोकवस्ती पंधरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये तेथे तीस लाखांहून अधिक पर्यटक आले. शेवटी क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला ८,००० ची मर्यादा घालण्यात आली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्यांच्याकडून शुल्कही घेतले जाऊ लागले. त्याच समुद्रातली कितीतरी लहान बेटे मात्र शांत राहिली. तेथे विमानतळ नाही, सरकारी अनुदानावर चालणारी बोट आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या करते आणि वारा सुटला तर तीही रद्द होते. अनुभवी प्रवासी म्हणून आधी बोटीचे वेळापत्रक पाहतो, मग सुटी मागतो. गर्दी झाल्यावर मर्यादा घालण्याचा मार्ग आपल्याकडेही अनोळखी नाही. बामणोलीच्या वाटेवर असलेल्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, फुलांच्या हंगामात लोंढे आले आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी व शुल्क लागू करावे लागले. पठारावर हे जमले. जलाशयात एका दिवशी किती यांत्रिक नौका असाव्यात, याविषयी मात्र अशी ठळक मर्यादा चर्चेतही नाही.

दीड-दोन दिवसांचा बेत आखणाऱ्याने या सगळ्याचा हिशेब घालून निघावे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ ते ४० किलोमीटर, महाबळेश्वरहून तापोळा २५ ते ३० किलोमीटर. अंतर थोडे, पण घाटरस्त्यामुळे वेळ दुप्पट धरावा. सप्टेंबरच्या रविवारी कासचा रस्ता टाळावा. बोटीचे भाडे माणशी नसून बोटीमागे असते, तेव्हा चार-सहा जणांचा गट सोयीचा. वासोट्याला जायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात किल्ला बंद असतो, गडावर मुक्काम करता येत नाही आणि सायंकाळपूर्वी बोटीने परतावेच लागते; त्यामुळे सकाळी लवकर बामणोलीत असणे भाग आहे. चढणीचा उत्साह नसेल तर कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या संगमापर्यंत जाऊन येणे पुरे. मुक्काम गावातल्या घरगुती निवासांत करावा. पैसा काठावर राहतो आणि पिठलं-भाकरीही बरी मिळते. मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा रोख रक्कम जवळ असलेली बरी.

परतीच्या दिवशी महामार्गाने कऱ्हाड ओलांडून बहेला जाता येते. हिवाळ्यात दुपार कलल्यावर बेटावर पोहोचावे आणि खडकांवरून नदीत उतरण्याआधी वरून पाणी सोडले आहे का, याची गावात चौकशी करावी. नदी कोरडी वाटली तरी डोह खोल आहेत. बेटावर मुक्कामाची सोय गृहीत धरू नये. ईश्वरपूर किंवा सांगली गाठणे उत्तम.

यंदा धरण किती भरले आणि सिंचनाचे आवर्तन कधी सुटणार, हे जलसंपदा विभागाच्या पावसाळी अहवालांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत नियमित छापून येते. बामणोलीचा बोटवालाही तोच आकडा वाचून हंगामाचा अंदाज बांधतो. जलाशयात बोट चालेल असे शेवटचे आठवडे कोणते, हे त्याला एक दूरध्वनी करून विचारता येते.