मेलेल्या माकडाची चौकशी

ताम्हिणी घाटात गाडी थांबली की माकडं काचेशी येतात. कुणी वेफर्सचं पाकीट पुढे करतं, कुणी केळं. पण एखादं माकड मरून पडलं, की भाविक मंडळी हार-गुलाल वाहून त्याला पुरतात आणि विषय तिथेच मिटतो. ते कशानं मेलं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. ती असायला हवी.

लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाचंच पाहा. एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये आफ्रिकी मुलांच्या गाठींमध्ये सापडला. जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात तो मुकाट्याने राहतो. त्याचे भाऊबंद माकडांतही आहेत आणि तिथेही बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र एड्ससारख्या विषाणूने माकडाची प्रतिकारशक्ती पोखरली, की हेच भाऊबंद लिम्फोमा घडवू शकतात. दक्षिण अमेरिकेतला एक नागीण-कुळातला विषाणू तर खारमाकडात आयुष्यभर गुण्यागोविंदाने नांदतो, पण टॅमरिन जातीच्या माकडात शिरला की काही आठवड्यांत लिम्फोमाने जीव घेतो. म्हणजे विषाणू किती घातक, हे पुष्कळदा तो कुणाच्या घरी गेला यावर ठरतं.

घाटातल्या माकडापासून माणसाला कर्करोग होईल, अशी भीती घालण्याचं कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. रानातल्या माकडाला लिम्फोमा झाला, तरी तो कळणार कसा? सुजलेली प्लीहा, लसिकाग्रंथींच्या गाठी शवविच्छेदनाशिवाय दिसत नाहीत, आणि तेही शव कुजण्याआधी व्हावं लागतं.

मेलेल्या माकडांनी दिलेली खबर किती मोलाची असते, हे पुण्याला तरी सांगायला नको. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरत होती, आसपासची माणसं तापाने फणफणत होती. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा नवा विषाणू ओळखला. तोच माकडताप पुढे सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांद्यापर्यंत पोहोचला. त्या केंद्राची आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आहे, आणि अतिघातक विषाणूंसाठीची तिची प्रयोगशाळा पाषाणला, मुळशीच्या उशाशीच आहे. कमतरता प्रयोगशाळेची नाही; घाटातून तिथवर नमुना पोहोचवणाऱ्या साखळीची आहे. तालुक्याचे पशुवैद्यक, वनरक्षक आणि ग्रामपंचायत यांना एका धाग्यात बांधायला फार मोठा निधी लागू नये.

श्रद्धेला यात धक्का लागत नाही. अंत्यविधी तपासणीनंतरही करता येतो. उलट उघड्या हातांनी शव उचलण्यातच धोका आहे. माकडतापात शव थंड पडू लागलं की विषाणू बाळगणाऱ्या गोचिडी ते सोडून आजूबाजूला पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. आणि वेफर्सचं पाकीट गाडीतच राहू द्यावं.