बिम विकू नका, बंगल्याचा हिशेब विका



"सर, बिमचा कोर्स झाला, रेव्हिट येतं, आता पुढे काय?" अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची बरीच मुलं हे विचारतात. काहींनी तर त्यासाठी कर्ज काढून महागडा लॅपटॉप घेतलेला असतो. म्हणून आज माझं मत सरळ सांगतो. पटलं तर घ्या.

आपल्या जिल्ह्यात मोठी कामं झाली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. नागपूर मेट्रोने तर फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला. हे बघून आपल्याला वाटतं, बिम म्हणजे असंच काहीतरी मोठं. नोकरी करायची असेल तर तिकडे जरूर जा. पण स्वतःचा धंदा करायचा असेल, तर तुमचं गिऱ्हाईक तिथे नाही. ते तुमच्या गावातल्या वाडीत बंगला बांधतंय.

विचार करा. मालक मुंबईत, ठेकेदार इथे. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू आहे, तरी मालक रोज येऊ शकत नाही. त्याची भीती एकच: पैसे कुठे जातायत? ठेकेदाराची भीती वेगळी: पावसाआधी छप्पर चढेल का? या दोन्ही भीतींवर ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याला काम मिळतं. 'मी बिम करतो' म्हणालात तर ठेकेदार हसून चहा पाजेल. 'किती चिरे, किती वासे, किती कौलं लागतील त्याची यादी देतो' म्हणालात तर तो खुर्ची पुढे ओढेल.

आता कामाच्या गोष्टी.

१) परवाना आधी. विद्यार्थी परवाना शिकण्यासाठी असतो, त्यावर गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर नकोच. व्हायरस आला की तुमच्यासोबत गिऱ्हाइकाच्या फायलीही जातात. पैसे कमी असतील तर फ्रीकॅड वापरा. ते फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला मोकळं आहे, आणि १.० आवृत्तीपासून बिमची सोय त्यातच आहे. ब्लेंडरसाठी बोन्साय नावाचं फुकट अ‍ॅड-ऑन आहे. रेव्हिट एलटी पूर्ण रेव्हिटपेक्षा स्वस्त पडतं, पण एकाच मॉडेलवर अनेकांनी मिळून काम करण्याची सोय त्यात नाही. एकटे असाल तर चालेल.

२) आवृत्ती विचारा. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत ती उघडत नाही. आर्किटेक्टकडे कोणतं वर्ष आहे, हे पहिल्याच फोनवर विचारा. समोरचा आर्किकॅडवर असेल तर आयएफसी फाइल द्या-घ्या. तो खुला फॉर्मॅट आहे, त्याला आयएसओ १६७३९ हे मानक आहे. पाठवण्याआधी ती आयएफसी स्वतः उघडून बघा, खिडक्या-दारं जागेवर आहेत ना!

३) ठेकेदाराच्या भाषेत मोजा. मॉडेल घनमीटरमध्ये बोलतं, साइट ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. १२ घनमीटर भराव म्हणजे सव्वाचार ब्रास. शेड्यूलमध्येच हे सूत्र घालून ठेवा. घनमीटरची यादी कितीही बरोबर असली तरी साइटवर ती कोणी वाचत नाही.

४) चिऱ्याचं माप खाणीवरून आणा. जांभ्याचा चिरा सगळीकडे एकाच मापाचा येत नाही. ज्या खाणीतून माल येणार तिथले दहा-बारा चिरे मोजा, सांध्याची जाडी धरा आणि थराची उंची ठरवा. खिडकीचा तळ आणि लिंटेल त्या थरांच्या पटीत बसतात का, ते आर्किटेक्टला दाखवा. बसले तर चिरे तोडणं कमी, नासाडी कमी. ही बचत मालकाला आकड्यात दाखवा.

५) वाडीसुद्धा मॉडेलमध्ये घ्या. विहीर, नारळ-पोफळी, सेप्टिक टँक, पाण्याची लाइन. पाइप आणि बीम एकमेकांना आडवे जातायत हे स्क्रीनवर कळलं तर फुकटात सुटतं, स्लॅब पडल्यावर कळलं तर ब्रेकर लागतो.

६) हद्द सांभाळा. बीमची साइज, छपराची बांधणी ही स्ट्रक्चरल इंजिनिअरची जबाबदारी. सीआरझेड आणि परवानगीची बाब आर्किटेक्टची. तुम्ही चूक दाखवा, निर्णय त्यांना घेऊ द्या. आणि मॉडेलमध्ये काय असेल, काय नसेल, बदल किती वेळा करून द्याल, हे कामाआधी लिहून द्या. नाहीतर 'जरा एवढं बदला' यातच महिना जातो.

तुम्ही म्हणाल, एका बंगल्यात असं किती मिळणार? लायसन्स, वीज, लॅपटॉपची झीज आणि तुमचे तास यांचा हिशेब मांडा, त्यावर नफा धरा, मग दर सांगा. फुकट काम करून ओळख वाढते, दर वाढत नाही. पहिल्या बंगल्यात थोडंच उरेल. पण काम संपल्यावर जसं बांधलं तसं दुरुस्त केलेलं मॉडेल मालकाला द्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरोघरी छपरं उडाली. अशा वेळी किती कौलं, किती वासे, कोणत्या मापाचे, हे ज्याच्याकडे लिहिलेलं असतं त्याची दुरुस्ती आधी सुरू होते. ही गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरमालकाला समजते. त्यासाठी बिम हा शब्द उच्चारायचीही गरज नाही.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. नवीन कोर्स शोधू नका. तुमच्या गावात चालू असलेल्या एका बंगल्याचा प्लॅन मालकाच्या परवानगीने घ्या, फक्त जोत्यापर्यंतचं मॉडेल करा आणि चिऱ्यांची यादी काढा. मग ठेकेदाराने प्रत्यक्षात किती चिरे उतरवले ते मोजा. दोन आकड्यांत फरक का आला, हे तुम्हाला सांगता आलं, तर धंदा सुरू करायला तुम्ही तयार आहात.