‘कशावरून?’ हा एक प्रश्न राहिला

तलाठ्याच्या जागेपासून उपजिल्हाधिकाऱ्याच्या जागेपर्यंत सरकारी नोकरीच्या कोणत्याही दाराशी आज जो उमेदवार उभा राहतो, त्यास ‘सामान्य ज्ञान’ या नावाच्या द्वारपालाची समजूत घातल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. सर्वांत उंच शिखर किती उंच, अमुक लेणी कोणी शोधली, तमुक वायू कोठे सापडला, असे प्रश्न हा द्वारपाल एकामागून एक टाकतो आणि चार उत्तरांपैकी एकावर खूण करावयास सांगतो. याकरिता शेतकऱ्यांची व मजुरांची मुले घरदार सोडून पुण्यासारख्या शहरांतील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसतात, जाडजूड मार्गदर्शकांची पारायणे करतात आणि इतिहास, भूगोल, विज्ञान व कला या चार वेदांची संहिता मुखोद्गत करतात. पूर्वी वेदपाठकास अर्थ विचारू नये असा शिष्टाचार होता. तोच शिष्टाचार आता छापील प्रश्नोत्तरांस लागू झाला आहे. उत्तर काय, हे सर्वांस ठाऊक. ते कशावरून, हे कोणीच विचारीत नाही.

पाठांतराचा आम्ही तिरस्कार करतो असे कोणी समजू नये. पाढे पाठ असल्यावाचून हिशेब होत नाही, व सनावळीचा सांगाडा डोक्यात असल्यावाचून इतिहासाचे वाचन उभे राहत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. जे पाठ करावयाचे ते खरे आहे की नाही हे पाहण्याची सवयच या अभ्यासाने मोडत चालली आहे, आणि त्याचे एक उदाहरण तर आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच उभे आहे.

हेलियम वायूचा शोध कोठे लागला? विजयदुर्गावर. कोणी लावला? नॉर्मन लॉकियर याने. कधी? १८ ऑगस्ट १८६८ रोजी. ही तीन उत्तरे मराठी मुलुखात वारंवार ऐकू येतात. ग्रहणाच्या वेधासाठी बांधलेले म्हणून किल्ल्यातील चौथरेही पाहुण्यांस दाखविले जातात. आता खरा वृत्तांत पहा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले व त्याची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून गेली, हे निर्विवाद आहे. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने ते गुंटूर येथून पाहिले, आणि रॉयल सोसायटीच्या वतीने जॉन हर्शेल या लष्करी अधिकाऱ्याने ते आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीहून पाहिले. सूर्यबिंबाच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. इतक्या तेजस्वी, की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसू शकतील हे जान्सेनने ताडले व दुसऱ्याच दिवशी त्या पाहिल्या. लॉकियर त्या वेळी हिंदुस्थानात नव्हताच. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडात, ग्रहणाच्या साहाय्यावाचून, त्याच ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही असे त्यास आढळले. पुढे ती अज्ञात मूलद्रव्याची मानण्यात आली व सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झे याने युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू पृथ्वीवर मिळवून दाखविला.

मग विजयदुर्ग कोठून आला? तोही खोटा नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले, आणि त्याच्या वेधासाठी लॉकियर आपली मंडळी व यंत्रे घेऊन विजयदुर्गास खरोखरीच आला होता. परंतु तेव्हा हेलियम प्रयोगशाळेत सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. तात्पर्य, दोन ग्रहणांमधील तीस वर्षे कोणीतरी गिळून टाकली, एकाचा दिनांक दुसऱ्याच्या जागेस चिकटविला, आणि ती जोडगोळी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात सुखाने प्रवास करू लागली.

यावर आमच्या कोकणातील मित्रांस राग येण्याचा संभव आहे. गावाचा अभिमान वाढविणारी एक गोष्ट असली, तर ती मोडून काय मिळवावयाचे, असे ते म्हणतील. आमचे उत्तर असे की अभिमानास खरे पुरेसे असेल तेथे खोटे कशास हवे? एका जगद्विख्यात ज्योतिर्विदाने ग्रहणाचा वेध घेण्यास निवडलेली जागा, ही विजयदुर्गाची खरी थोरवी काय कमी आहे? आणि ज्या जमखंडीचा खरोखरच १८६८ च्या वेधाशी संबंध आहे, तिचे नाव किती मराठी विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? चुकीच्या उत्तराचा हा दुहेरी अन्याय असतो: ज्यास मान नको तेथे तो जातो, आणि ज्यास हवा तो उपाशी राहतो.

जेथे उत्तर खोटे नसते, तेथेही त्याचा जीव काढून घेतलेला असतो. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, हे आज प्रत्येक उमेदवार सांगेल. हा आकडा नेपाळ व चीन यांनी मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. तत्पूर्वी १९५५ च्या हिंदी मोजणीचा ८,८४८ हा आकडा चालत होता, आणि २००५ साली चीनने ८,८४४.४३ असा आकडा दिला होता. मग शिखर खाली बसले आणि पुन्हा वर आले काय? तसे नव्हे, चीनने बर्फाखालचा खडक मोजला होता, इतरांनी बर्फाचा माथा. हे एक वाक्य शिकविले असते, तर ‘उंची’ म्हणजे काय हे मुलास कळले असते. त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की नेपाळची हद्द इंग्रजांस बंद असल्यामुळे बिहारच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांवरून, त्या शिखराचे कोन घेण्यात आले. हवेतून येताना किरण वाकतो त्याची वजावट करावी लागली. आणि राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ च्या सुमारास तो हिशेब पार पाडला. १८५६ साली २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. पायही न लावता पर्वत मोजणारी ही बुद्धी शिकविण्याजोगी आहे; नुसता आकडा तर पोपटही शिकेल.

अजिंठ्याची गोष्ट याहून मार्मिक आहे. लेण्यांचा शोध कोणी लावला, या प्रश्नास जॉन स्मिथ, १८१९, हे उत्तर ठरलेले आहे. हा मद्रास पलटणीचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे आला व दहाव्या लेण्यात आपले नाव व दिनांक कोरून गेला, हे खरे. पण शोध म्हणजे काय? आसपासच्या लोकांस ती दरी काय अज्ञात होती? उलट सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने ते लेणे करविल्याचा लेख भिंतीवर आहे. चित्रांच्या भिंतीवर नाव ओरबाडणाऱ्याचे नाव आमच्या मुलांस पाठ, आणि लेणे करविणाऱ्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेही नाही! असा प्रश्न कोणाच्या दृष्टीने रचला गेला, हे विचारण्याची बुद्धी जेथे होत नाही, तेथे नुसत्या उत्तरांनी मन स्वतंत्र होणार कसे?

परीक्षक म्हणतील, लक्षावधी उमेदवारांच्या उत्तरपत्रिका यंत्रानेच तपासाव्या लागतात. तेथे वशिल्यास वाव नाही, हा लाभ थोडा नव्हे. हे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. गरिबाच्या मुलास ओळखीपाळखीवाचून वर येण्याची ही वाट आहे, आणि ती बंद व्हावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु चार पर्यायांच्या प्रश्नातूनही विचार तपासता येतो. ‘एव्हरेस्टची उंची किती?’ याऐवजी ‘एकाच शिखराच्या दोन मोजण्यांत चार मीटरांचा फरक पडण्याचे कारण कोणते?’ असे विचारण्यास यंत्राची काय हरकत आहे? शिवाय ज्या वाटेवर एका गुणाने माणसाचे आयुष्य फिरते, त्या वाटेवर चुकीचे उत्तर बरोबर ठरणे हा नुसता विद्वत्तेचा दोष नव्हे, तो उघड अन्याय आहे. खरे जाणणारा मागे पडतो व चुकीचे घोकणारा पुढे जातो. आणि जो असा पुढे गेला, त्याच्याच हाती उद्या गावाचा दप्तर व लोकांच्या तक्रारी जातात. कागदावर आहे म्हणून खरे, असे मानण्याची ज्यास सवय लागली, तो गरिबाच्या सातबाऱ्यावरील चूक कशी ओळखणार?

यास्तव आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. मार्गदर्शकांच्या कर्त्यांनी प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या साली व कोणी दिला हे छापावे. परीक्षकांनी प्रश्न काढताना दुसऱ्या मार्गदर्शकावर न विसंबता मूळ आधार पाहावा. अशा कामी साधनांची उणीव आहे असेही म्हणता येत नाही. केतकरांनी एकहाती म्हणावा अशा उद्योगाने तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा केला. आणि मराठी विश्वकोश तर आज कोणासही विनामूल्य महाजालावर वाचता येतो. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास असा ठेवावा, की त्यात मुलांनी पुस्तकातील एकच विधान घ्यावे व ते कशावरून खरे हे शोधून आणावे. एका वर्षात चाळीस विधाने तपासली गेली, तरी चार हजार घोकल्याहून अधिक काम होईल.

आणि उमेदवार बंधुभगिनींस आमचे एवढेच सांगणे आहे: परीक्षेसाठी जे पाठ करणे प्राप्त आहे, ते अवश्य करा, पोटाचा प्रश्न आहे, तेथे उपदेशाने पोट भरत नाही. मात्र दिवसातून एका उत्तरापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ एवढा एक शब्द लिहीत जा. परीक्षा दोन तासांत संपते. हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र नोकरी लागली तरी उपयोगी पडेल, आणि न लागली तर त्याहूनही अधिक.