सुटला रे सुटला!

वीकेंडला नायट्रो ट्रक घेऊन निघालात? सही! पण बॉस, निघण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ट्रकने रिमोटचं ऐकणंच बंद केलं, तर तो काय करेल?

'थांबेल की!' असं म्हणत असाल तर चुकताय. नायट्रो ट्रकमध्ये मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं खरंखुरं इंजिन असतं. बॅटरी असते ती फक्त रिसीव्हर आणि सर्व्होसाठी. ती संपली की सर्व्हो आहे तिथेच अडकू शकतो. नेमका तेव्हा थ्रॉटल फुल्ल असेल, तर टाकी रिकामी होईपर्यंत गाडी सुसाट! चार-पाच किलोचं धूड, काही मॉडेल्सचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. समोर कुणाचं पोर आलं तर?

आता जरा गोंदियाला चला. बिरसीच्या विमानतळावर पायलट ट्रेनिंग चालतं. विमानवाल्यांनाही हाच प्रश्न पडतो, पण त्यांचं उत्तर उलटं असू शकतं. जगभरातल्या कित्येक हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. त्याची थ्रॉटल केबल तुटली, तर स्प्रिंग कार्बोरेटर पूर्ण उघडते! कारण हवेत ताकदच गेली तर पंचाईत. ताकद असली तर पायलट रनवेपर्यंत येऊन इंजिन बंद करू शकतो. आपल्या ट्रकला मात्र थांबायलाच हवं. फंडा एकच, आपला कंट्रोल सुटल्यावर यंत्राने काय करायचं, ते आपण आधी ठरवायचं.

ते कसं?

पहिलं, फेलसेफ. सिग्नल गेला की ते सर्व्होला ब्रेकवर नेतं. २.४ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच सेट्समध्ये ते आतच असतं, पण सेट तुम्हालाच करावं लागतं. टेस्ट सोपी आहे. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल दाबा आणि तसाच रिमोट ऑफ करा. सर्व्हो ब्रेकवर गेला, तर पास.

दुसरं, रिटर्न स्प्रिंग. फेलसेफलाही करंट लागतो. बॅटरीची पिन निघाली किंवा लिंकेज निखळलं, तर ते बिचारं काय करणार? तिथे कार्बोरेटर बंद करायला स्प्रिंगच हवी. रबर बँड लावला असेल तर तो वरचेवर बदला. गोंदियाच्या मे महिन्यात रबर काय टिकणार!

तिसरं, बॅटरी. प्रत्येक वेळी फुल्ल चार्ज, पिना घट्ट. व्होल्टेज उतरायला लागलं की आधीच ब्रेक लावणारं फेलसेफ मिळालं तर उत्तमच.

चौथं, क्रम. सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट.

आणि इतकं करूनही सुटलाच तर? आधी ओरडून लोकांना बाजूला करा. फिरत्या चाकांना हात लावू नका. कुठेतरी अडकला की चॅसिसला धरून उचला आणि जाड फडक्याने एक्झॉस्टचं तोंड दाबा, किंवा फ्युएलची नळी चिमटीत धरा. सायलेन्सर चटका देतो, सांभाळून.

शेवटचं, जागा. धान कापल्यावर रिकाम्या बांध्या म्हणजे आयता ट्रॅक वाटतो, पण तिथे वाळलेलं तणस असतं. तापलेला सायलेन्सर, सांडलेलं फ्युएल, त्यात मिथेनॉलची ज्योत भर उन्हात धड दिसतही नाही. एखाद्याचा वर्षभराचा चारा आपल्या तासाभराच्या मजेत जायला नको. त्यापेक्षा उघडी, मुरमाड जागा शोधा आणि सोबत छोटं फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

फेलसेफची टेस्ट दोन मिनिटांची आहे, चहा गार व्हायच्या आत उरकते. मग बिनधास्त पळवा. हॅपी वीकेंड!