मोती निघाला आजोळी

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की मुले हमखास विचारतात, "मोतीचे काय करायचे?" शेजारच्या काकू दोन दिवस सांभाळतील, पण पंधरा दिवस? मग 'नेऊ या बरोबर' असे ठरते. घरातल्या माणसांच्या बॅगा आठवडाभर आधी भरल्या जातात आणि मोतीची साखळी व बिस्किटांचा पुडा निघता निघता पिशवीत कोंबला जातो. खरे तर सर्वांत आधी तयारी करायला हवी ती त्याचीच.

समजा, मुंबईहून नागपूरला जायचे आहे. गाडी रात्रभराची. स्लीपर, एसी थ्री टियर किंवा टू टियरच्या डब्यात कुत्र्याला नेता येत नाही. त्याला जवळ ठेवायचे तर फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्याकडे असावी लागते. नाही तर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. (२०२२पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण फलाटावर अजून सगळे गार्डच म्हणतात.) तिकिटे ६० दिवस आधी काढता येतात. पण कूपे मिळाला की नाही, हे चार्ट लागल्यावरच कळते. त्यासाठी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. मात्र अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच, असे समजू नये.

म्हणूनच एक निर्णय घरात आधीच व्हायला हवा. कूपे मिळाला नाही तर काय? मे महिन्याच्या उकाड्यात अंधाऱ्या, खडखडणाऱ्या पेटीत एकटा मोती रात्र काढू शकेल का? तो म्हातारा असेल, किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर उत्तर 'नाही' असेच द्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला नेमके तेच जड जाते. अशा वेळी त्याला सांभाळणारे कोणी आधीच बघून ठेवावे. मुले रुसतील. रुसू द्यावीत.

कूपे मिळाला तरी पार्सल ऑफिसची फेरी चुकत नाही. तिकिटे, ओळखपत्र आणि लसीकरणाचे कार्ड घेऊन गाडी सुटण्याच्या दोन-तीन तास आधी तिथे पोहोचावे, सामानाच्या दराने पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी. पावतीशिवाय कुत्रा सापडला तर सहापट आकार भरावा लागतो. लसीचे काम मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. रेबीजची लस पहिल्यांदाच देत असाल तर तिचा गुण यायला सुमारे तीन आठवडे लागतात.

आता खरी अडचण, जी कोणी आधी सांगत नाही. घरात घाण करायची नाही, ही शिस्त मोतीला आपणच लावलेली असते. गाडीत तो ती इमानेइतबारे पाळतो. भुसावळला गाडी थांबते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. पाच-दहा मिनिटांत त्या गर्दीत, अनोळखी फरशीवर तो काही करायला तयार होत नाही. पुन्हा डब्यात येऊन कुंथत बसतो. बिचाऱ्याची पहाट होते ती अशी! यावर उपाय एकच. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे त्याला बाल्कनीत किंवा मोरीत रद्दी पसरून तिथे लघवी करायची सवय लावावी. त्याच्या वासाचा एखादा कागद प्रवासात नव्या रद्दीवर ठेवला की त्याला जागा ओळखू येते. याच काळात अधूनमधून संध्याकाळी रेल्वे फाटकाजवळ फिरवून आणावे, म्हणजे इंजिनाच्या शिट्टीने तो बुजणार नाही.

पिशवीत फार काही लागत नाही. घरचे पाणी, पसरट वाडगा, रद्दी, फडकी, जादा साखळी, तोंडाला बांधायची जाळी आणि तो रोज ज्यावर झोपतो ती चादर. चादर धुऊन घेऊ नये, तिचा वासच त्याला धीर देतो. निघण्यापूर्वी चार-पाच तास पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. डब्यातला बेदाणे घातलेला शिरा, कांद्याची भजी, चॉकलेट यांतले काहीही मुलांनी प्रेमाने भरवता कामा नये. हे पदार्थ कुत्र्याला बाधतात. झोपेची गोळी पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. आपल्या औषधाच्या डब्यातली तर मुळीच नको.

नागपूरला उतरल्यावर त्याला आधी पाणी आणि मग सावली. मे महिन्यात तिथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा फिरणे सूर्य वर येण्याआधी आणि मावळल्यावर बऱ्याच वेळाने. आजीच्या अंगणातल्या फरशीला हाताची पाठ पाच सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. पहिले दोन दिवस फाटक उघडे राहणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एकावरच टाकावी. 'मला वाटले तू लावलेस' या वाक्यानंतरच नव्या गावात कुत्री हरवतात. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर घालायचा तो खिशातल्या मोबाईलचा आणि आजीच्या घरचा. मुंबईच्या कुलूपबंद घरातला फोन कितीही वाजला तरी उचलणार कोण?