आतून येणारी ऊब

सासूबाईंचा खांदा आखडला आहे. भौतिकोपचार केंद्रात ‘मशीनचा शेक’ सुचवला आहे. परंतु त्यांना पेसमेकर आहे, तर चालेल काय, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. उत्तर निःसंदिग्ध आहे: हा शेक ‘शॉर्टवेव्ह डायथर्मी’चा असेल तर मुळीच नाही.

गरम पाण्याच्या पिशवीची ऊब बहुतांशी त्वचेजवळच विरते. त्वचा न भाजता ती खोलवर कशी न्यावी, याचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन द’आर्सोनव्हाल यांच्या प्रयोगांतून खुला झाला. विद्युत्प्रवाहाची आवर्तने सेकंदाला दहा हजारांपलीकडे गेली, की स्नायू आचके देईनासे होतात. जाणवते ती केवळ उष्णता. आजची यंत्रे बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या क्षेत्रात शरीरातील क्षारांचे आयन आणि पाण्याचे रेणू सेकंदाला पावणेतीन कोटी वेळा हेलकावतात आणि ऊब आतच निर्माण होते. रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात. झिजलेली कूर्चा मात्र याने भरून येत नाही. कोणी तसे आश्वासन देत असेल तर तेथून उठावे हे बरे.

हीच उष्णता अधिक नेमकेपणाने वापरून यकृतातील लहान गाठी सुईवाटे जाळता येतात, हृदयातील अनियमित ठोक्यांची वाट बंद करता येते.

धोका आहे तो धातूचा. शरीरात बसवलेल्या तारेत ही ऊर्जा एकवटते आणि तारेच्या टोकाशी ऊतक भाजते. उपकरण बंद असले तरीही. मेंदूत उद्दीपक बसवलेल्या रुग्णांचे डायथर्मीनंतर मृत्यू ओढवल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. गर्भवतींनी आणि कर्करोगाच्या गाठीच्या जागीही हा शेक टाळावा. दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना बोथटली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळतच नाही. त्यांनी हे आधीच सांगावे.

शेक घेताना ऊब सुखद वाटेल इतकीच असावी. घाम टिपून घ्यावा, ओले वस्त्र अंगावर नसावे, दागिने उतरवावेत. वर्षानुवर्षे न काढलेली पाटली मनगटात रुतली असेल, तर त्या हाताला हा शेक घेऊच नये. सासूबाईंच्या खांद्यासाठी साधी गरम पट्टी आणि शिकवलेले व्यायाम पुरेत. आणि पेसमेकरचे ओळखपत्र त्यांच्या पिशवीत सदैव असू द्यावे.