हिशेबाच्या गोष्टी : गाडी आपली, काम कंपनीचे

मंडळी, कामासाठी स्वतःची गाडी फिरवावी लागणार असेल, तर सही करण्यापूर्वी करारात पाहा : दर किलोमीटरला किती मिळणार?

इनलँड रेव्हेन्यू दरवर्षी किलोमीटरचे दर जाहीर करते. 2024-25 साठी पेट्रोल गाडीला, घरची धाव धरून, वर्षाच्या पहिल्या 14,000 किलोमीटरपर्यंत 1.17 डॉलर व पुढे 37 सेंट असा दर होता. या दराने मिळालेली भरपाई करमुक्त. पण करारात नसेल, तर तेवढीच देण्याचे बंधन मालकावर नाही.

समजा, 60 सेंट ठरले आणि कामाचे 3,000 किलोमीटर झाले. पहिल्या दराच्या मानाने 1,710 डॉलर कमी मिळाले. नोकरदाराला ही तूट आपल्या करातूनही वजा करता येत नाही.

घर ते ऑफिस हा प्रवास सहसा खासगीच धरतात. मात्र घरोघरी जाऊन रुग्णांची, वृद्धांची सेवा करणाऱ्यांना एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा मोबदला 2016 च्या कायद्याने मिळतो.

गाडीत एक वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती किलोमीटर, हे रोजच्या रोज लिहा. विमा कंपनीलाही कामाचा वापर आठवणीने कळवा.